पुस्तक हरवलं तर भरायचं कोणी?

वाचनालयाचे नियम दहा असोत की तीस, त्यांच्या तळाशी प्रश्न एकच असतो. पुस्तक हरवलं, फाटलं, पावसात भिजलं, तर भरायचं कोणी? अनामत, वर्गणी, दंड, ओळखीच्या सभासदाची सही, एका वेळी एकच पुस्तक, कोश घरी नेण्यास मनाई, ही सगळी त्या एकाच प्रश्नाची निरनिराळ्या काळात दिलेली उत्तरं आहेत. ग्रंथालयांचा इतिहास आपण इमारती, देणगीदार आणि ग्रंथसंख्या यांवरून लिहितो. मला तो देवघेवीच्या नियमांवरून लिहावासा वाटतो. गावानं आपल्याच माणसांवर किती विश्वास टाकला, ते या नियमांत दिसतं.

मी हिवरखेडची. वऱ्हाडात या नावाची गावं एकाहून अधिक आहेत. माझं अकोला जिल्ह्यातलं, तेल्हारा तालुक्यातलं, सरकारी कागदावर हिवरखेड रूपराव. उत्तरेला सातपुडा, भोवती कपाशी, केळी आणि पानमळे. याच भागातल्या एका अनुदानित वाचनालयात मी ग्रंथपाल होते. जिल्हा ग्रंथालय संघाचा प्रमाणपत्र वर्ग केला, परीक्षा दिली आणि देवघेवीच्या टेबलामागे बसले. नियम तयार होऊन आले होते. ते कुठून आले, हे मात्र कोणी शिकवलं नव्हतं. ते मी नंतर वाचत गेले.

महाराष्ट्रात सार्वजनिक म्हणावीत अशी वाचनालयं इंग्रजी अमदानीत सुरू झाली. रत्नागिरीचं १८२८ सालचं, पुण्याची नेटिव्ह जनरल लायब्ररी १८४८ सालची. पुण्याच्या लायब्ररीमागे लोकहितवादींचा पुढाकार होता. वऱ्हाड प्रांत १८५३ च्या तहानं निजामाकडून इंग्रजांकडे आला. पाठोपाठ रेल्वे आली, आणि अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात इथल्या कापसाला सोन्याचे दिवस आले. कापसाबरोबर कचेऱ्या, वकील, शिक्षक आणि शाळा वाढल्या. अकोल्याचं आज बाबूजी देशमुखांच्या नावानं चालणारं वाचनालय आणि अमरावतीचं नगर वाचनालय, दोन्ही १८६० च्या दशकातली आहेत, ही गोष्ट म्हणूनच मला योगायोगाची वाटत नाही.

या पहिल्या पिढीचं उत्तर सरळ होतं: भरायचं वर्गणीदारांनी. चार सुशिक्षित माणसं एकत्र आली, त्यांनी पैसे काढले, वर्तमानपत्रं आणि पुस्तकं मागवली आणि ती आपसांत फिरवली. वर्गणी जास्त भरणाऱ्याला पुस्तकं जास्त, कमी भरणाऱ्याला कमी. सभासदांचे वर्ग पाडण्याची ही रीत अजूनही अनेक वाचनालयांच्या पावतीपुस्तकात जिवंत आहे. नुकसान झालं तर ते सगळ्यांच्या खिशातून जाणार, म्हणून नवा माणूस घेताना जुन्याची शिफारस हवी. पुस्तक त्या काळी महाग होतं आणि वाचणारे थोडे होते, हे मान्य. पण ज्याला ओळख नाही आणि ज्याच्या हाती पैसा नाही, तो या व्यवस्थेत आपोआप बाहेर राहिला.

मराठी पुस्तकांसाठी वेगळं घर हवं, ही जाणीव शतकाच्या शेवटी आली. विनायक लक्ष्मण भावे यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८९३ साली ठाण्याला मराठी ग्रंथसंग्रहालय काढलं. १८९८ साली मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय निघालं. भाषेचं दार उघडलं, तरी जातीचं दार पुष्कळ ठिकाणी बंदच होतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली, तेव्हा वसतिगृहांबरोबर वाचनालयं काढणं हेही सभेच्या उद्दिष्टांत लिहिलं. ज्यांच्यासाठी शिफारस करणारा जुना सभासद कुठल्याच यादीत नव्हता, त्यांनी आपलं कपाट आपण उभं करावं, असा त्याचा अर्थ. देवघेवीच्या नियमांचा इतिहास सांगताना हे वाक्य गाळता येत नाही.

वेगळं उत्तर दिलं ते एका मराठी राजानं, गुजरातेत. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून बडोद्याच्या गादीवर दत्तक गेलेल्या सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून घेतलं आणि संस्थानभर वाचनालयांचं जाळं विणलं. जिथं वाचनालय नव्हतं, तिथं लाकडी पेट्यांतून पुस्तकं जात. पेटी नेण्या-आणण्याचा खर्च संस्थानाचा, वाचणाऱ्याला फुकट. नुकसान राज्यानं सोसायचं, हे उत्तर आपल्याकडे इतक्या ठामपणे पहिल्यांदा तिथं दिलं गेलं. प्रजेला शाळेत घालायचं आणि शाळा सुटल्यावर हाती पुस्तक द्यायचं नाही, तर तो खर्च वाया जातो, हा त्यामागचा हिशेब होता.

स्वातंत्र्याच्या सुमारास देशात दोन वाटा फुटल्या. डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली होती आणि त्यातलं पहिलंच असं की ग्रंथ हे उपयोगासाठी आहेत. त्यांच्या प्रयत्नांतून मद्रासचा १९४८ चा कायदा आला. त्यात घरपट्टीवर ग्रंथालय उपकर बसवला. दिल्लीला युनेस्कोच्या मदतीनं १९५१ साली सार्वजनिक ग्रंथालय उघडलं, तिथं वर्गणी नव्हती आणि कपाटं उघडी होती. वऱ्हाड त्या वेळी मध्य प्रांतात होता. तो १९५६ साली मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात.

महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. त्यात उपकर नाही. सरकारनं दरवर्षी ग्रंथालय निधीत किमान २५ लाख रुपये घालावेत असं कलम आहे. वाचनालय चालवायचं गावच्या नोंदणीकृत संस्थेनं, आणि अ, ब, क, ड अशा वर्गाप्रमाणे अनुदान द्यायचं शासनानं. या कायद्यानं मोठं काम केलं. आज राज्यात हजारो मान्य वाचनालयं आहेत, त्यातली बहुतेक खेड्यांत आहेत, आणि ती लोकांनी काढलेली आहेत. पण ‘भरायचं कोणी’ या प्रश्नाचं उत्तर कायद्यानं अर्धवट सोडलं. संस्था सार्वजनिक, पैसा अर्धा सरकारी, पण पुस्तक हरवलं तर कार्यकारी मंडळाच्या जिवाला घोर. म्हणून अनामत राहिली, वर्गणी राहिली, दंड राहिला. १८६० च्या वर्गणीदारांची भीती २० व्या शतकाच्या अखेरीस माझ्या टेबलापर्यंत चालत आली.

त्या टेबलावर पुस्तक कसं येई, ते सांगते. आधी दाखल नोंदवहीत नोंद: अनुक्रमांक, शीर्षक, लेखक, प्रकाशक, किंमत, कुठून मिळालं. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय प्रतिष्ठानकडून आलेलं असेल तर तसा शेरा. मग शिक्का. शीर्षकपानावर एक, शेवटच्या पानावर एक, आणि एक ठरलेल्या गुप्त पानावर. हे पान प्रत्येक वाचनालयाचं वेगळं असतं. पहिलं पान फाडून कुणी पुस्तक आपलं म्हणून दाखवलं, तर गुप्त पान उघडून पाहायचं. नंतर खाकी कव्हर, पाठीवर क्रमांकाची चिठ्ठी, आणि शेवटच्या पुठ्ठ्याच्या आत तारखेची पट्टी. त्या पट्टीवर निळ्या शाईच्या तारखा एकाखाली एक चढत जातात. पट्टी भरली की तिच्यावरच दुसरी चिकटवायची. चार पट्ट्यांची जाडी झालेलं पुस्तक हातात घेतलं की मला ग्रंथपाल असल्याचं समाधान वाटे.

नियम होता सात दिवसांचा, आणि गाव चालायचं पिकाच्या पंचांगावर. वेचणी सुरू झाली की पुस्तक घरात पडून राही, कारण वाचणारी बाई पहाटे वावरात जाई आणि दिवेलागणीला परते. दंडाची पाटी भिंतीवर होती. मी तो लावला असता तर काय झालं असतं, हे मला ठाऊक होतं. पुस्तक आलं नसतं, आणि ती बाईही आली नसती. एकदा एका मावशीनं मुलाच्या हाती निरोप धाडला, “ताईले सांग, कापूस निंगू दे, मंग आणतो.” कापूस निघाला, पुस्तक आलं, आणि त्याच पिशवीतून दुसरं गेलं. एका सभासदाच्या नावावर अख्खं घर वाचायचं, कधी शेजारही वाचायचा. नियमानं तो गुन्हा. माझ्या मते वाचनालय काढलं होतं ते त्याचसाठी.

दिवाळी अंकांचा हिशेब वेगळा. १९०९ साली का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’नं दिवाळी अंकाची प्रथा घातली, आणि वाचनालयांनी त्यावर आपली योजना बांधली. अंकांपुरती वेगळी वर्गणी घ्यायची, अंक दोन-तीन दिवसांत परत मागायचा, म्हणजे होळीपर्यंत सगळे अंक सगळ्यांच्या हातून जातात. हा नियम कडक होता आणि कोणाची तक्रार नव्हती. का नव्हती? कारण रांगेत पुढं कोण आहे, हे प्रत्येकाला दिसत होतं. जो नियम पुढच्या वाचकासाठी असतो, तो लोक आपखुशीनं पाळतात, आणि कपाटाच्या काळजीपोटी केलेल्या नियमातून पळवाट शोधतात. एवढी वर्षं टेबलामागे बसून मी शिकले ते हेच.

कपाटाच्या कुलपामागे खरी भीती असते ती मोजणीची. वर्षाअखेरीला पुस्तकं आणि नोंदवही यांचा मेळ घालायचा, आणि कमी भरलं की बोट ग्रंथपालाकडे. अशा परिस्थितीत शहाणा ग्रंथपाल काय करील? पुस्तक देणारच नाही. केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियमांत मात्र एक मोठ्या समजुतीचं कलम आहे. देवघेव झालेल्या किंवा वाचायला दिलेल्या हजार ग्रंथांमागे वर्षाला पाच ग्रंथ गहाळ होणं हे वाजवी समजावं, मात्र त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसावी, असं ते सांगतं. हजार रुपयांहून महाग किंवा दुर्मीळ पुस्तक गेलं तर चौकशी करावी, असंही त्यात आहे. हे कलम खेड्यातल्या अनुदानित वाचनालयाला थेट लागू नाही, पण त्यातलं शहाणपण लागू करायला कोणाची आडकाठी नाही. वाचायला दिलेली पुस्तकं थोडी झिजतात, थोडी हरवतात. बियाणं पेरताना सगळंच उगवत नाही, हे शेतकऱ्याच्या गावाला वेगळं शिकवावं लागू नये.

जगानंही हा हिशेब नव्यानं मांडला आहे. युनेस्कोच्या १९९४ च्या जाहीरनाम्यानं सार्वजनिक ग्रंथालय तत्त्वतः विनामूल्य असावं असं म्हटलं. शिकागो शहराच्या ग्रंथालयानं २०१९ साली उशिराचा दंडच काढून टाकला, आणि वर्षानुवर्षं घरात लपवून ठेवलेली पुस्तकं लोक परत आणू लागले. आपल्याकडे नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानची ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना २००९ पासून विनायक रानडे चालवतात. पंचवीस पुस्तकांची पेटी एका गटाकडे द्यायची, गटानं ती आपसांत फिरवायची, मग पेट्यांची अदलाबदल करायची. सातारा जिल्ह्यातल्या भिलारला २०१७ साली पुस्तकांचं गाव झालं. तिथं लोकांच्या राहत्या घरांत पुस्तकं मांडली आहेत आणि येणारा कोणीही ती बसून वाचतो. बडोद्याची पेटी शंभर वर्षांनी अशी मराठी मुलखात आली.

आता संगणकाविषयी. जुन्या नियमांत एक पक्का होता: कोश घरी नेता येणार नाहीत. वाचनालयात बसून पाहा, टिपून घ्या आणि जागेवर ठेवा. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांचं शिक्षण अमरावतीला झालं, त्यांनी ज्ञानकोशाचा संसार नागपुरात मांडला, पण तेल्हाऱ्याकडच्या खेड्यातल्या पोराला तो पाहायचा तर मोठ्या गावी जावं लागे. वाईहून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली निघालेल्या मराठी विश्वकोशाचंही तेच. आज ज्ञानकोश आणि विश्वकोश दोन्ही इंटरनेटवर खुले आहेत. ज्या पुस्तकाला शंभर वर्षं उंबरठा ओलांडायची बंदी होती, ते कोणाच्याही परवानगीशिवाय गावात आलं. हरवण्याची भीती संपली, झिजण्याची संपली, अनामतीचं कारणच उरलं नाही.

तरी संगणक आला तेव्हा पुस्तकाच्या बाबतीत जे झालं, तेच आधी झालं. त्याला कापडी खोळ घातली, खोलीला कुलूप लागलं, वाचकांना हात लावायला मनाई. तो फक्त नोंदींसाठी, असं ठरलं. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ई-ग्रंथालय ही प्रणाली २००३ पासून आहे, आणि दाखल नोंदवही तिच्यावर चढवणं हे चांगलंच काम होतं. पण वाचकाला त्याचा उपयोग शून्य. पुढे पोलीस भरती, तलाठी, लोकसेवा आयोग यांची तयारी करणाऱ्या मुलामुलींनी अभ्यासिका भरली, अर्ज ऑनलाइन झाले, निकाल आणि प्रवेशपत्रं ऑनलाइन झाली, आणि त्या गरजेनं खोळ निघाली. मग नियम आले. अर्धा-एक तासाची पाळी, वहीत नाव आणि वेळ, पेन ड्राइव्ह लावू नये, परीक्षेचा अर्ज भरणाऱ्याला आधी बसू द्यावं. हे नियम चांगलेच आहेत, कारण ते पुढच्या वाचकाचे आहेत.

सायबर कॅफेंसाठी केंद्रानं २०११ साली नियम केले. ओळखपत्र पाहावं, नोंदी किमान वर्षभर ठेवाव्यात, आडोसा साडेचार फुटांहून उंच नसावा, असे ते आहेत. गावोगावच्या वाचनालयांत त्यांच्यासारखेच नियम कधी जाणून, कधी अंदाजानं लावले जातात. त्यांतून गैरवापराला आळा बसतो. पण इथं ‘भरायचं कोणी’ हा प्रश्न उलटा होतो, आणि तो आपल्या ध्यानात आलेला नाही. पुस्तकाच्या देवघेवीत नुकसान वाचनालयाचं होत असे. संगणकावर नुकसान वाचकाचं होतं. एखादी मुलगी अर्ज भरून उठते. तिचं आधार कार्ड, जातीचा दाखला, फोटो, सही, बँकेचं पासबुक, सगळं त्या यंत्रात उतरवून घेतलेलं तसंच राहतं. ईमेल उघडंच राहतं. पुढच्या पाळीला बसणारा ते सहज पाहू शकतो. आपल्या फलकावर याविषयी एक ओळ नसते.

पुस्तकांच्या काळातही हा धोका होता, फक्त लहान होता. आमची देवघेव वही टेबलावर उघडी असे. पुढच्या माणसाची सही होईपर्यंत मागचा माणूस पान चाळी, आणि कोणाच्या सुनेनं गरोदरपणाविषयीचं पुस्तक नेलं, कोणाच्या घरी दारू सोडवण्याविषयीचं गेलं, हे चौकात पोचे. पुढं मीच वहीवर कोरा पुठ्ठा ठेवायला लागले आणि आजच्या ओळीपुरती फट सोडली. त्यानंतर काही पुस्तकं, जी कपाटात धूळ खात होती, ती बाहेर जाऊ लागली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निना ब्राऊन या अमेरिकन ग्रंथपाल बाईंनी देवघेवीची एक पद्धत रूढ केली. वाचकाच्या नावाच्या लहान पाकिटात पुस्तकाचं कार्ड घालून ठेवायचं, आणि पुस्तक आलं की कार्ड पुस्तकात, पाकीट वाचकाला परत. मागे काहीच नोंद उरत नाही. पुस्तक सुरक्षित आणि वाचकही सुरक्षित. प्रमाणपत्र वर्गात ही पद्धत आम्ही परीक्षेपुरती पाठ केली होती. तिच्यातली माणुसकी मला टेबलावर बसल्यावर उमगली.

म्हणून माझ्या भागातल्या वाचनालयांच्या कार्यकारी मंडळांना माझं सांगणं आहे. अंदाजपत्रकात गहाळ पुस्तकांसाठी एक छोटी रक्कम खर्च म्हणूनच धरा, हजारी पाचाच्या हिशेबानं, आणि तेवढ्यापुरती ग्रंथपालाची मान मोकळी करा. मुलांचा दंड बंद करा. ज्याला अनामत परवडत नाही, त्याला शाळेच्या मुख्याध्यापकांच्या किंवा ग्रामपंचायतीच्या चिठ्ठीवर सभासद करून घ्या. वेचणीच्या दिवसांत मुदत आपोआप वाढवा. संगणकाशेजारी ठळक अक्षरांत लिहा: उठण्याआधी खात्यातून बाहेर पडा, उतरवलेली कागदपत्रं पुसा, ओटीपी कोणालाही सांगू नका. पाळी संपली की ग्रंथपालानं स्वतः ते यंत्र एकदा पाहावं, आणि नावाची वही कुलपात ठेवून तिची मुदत संपली की नष्ट करावी. राज्य सरकारनं २०२२ साली अनुदानात ६० टक्के वाढ केली. त्यातून खेड्यातला ग्रंथपाल सुखी झाला असं नाही, त्यासाठी भांडावंच लागेल. पण वर सांगितलेल्या गोष्टींना अनुदान लागत नाही आणि कायद्याची दुरुस्तीही लागत नाही. वार्षिक सभेत एक ठराव लागतो, एक सूचक आणि एक अनुमोदक. येत्या सभेला तो मांडा.